पहिली फुल बॉडी (तोंडात दाट, भरगच्च लागणारी) रेड वाइन घेतोयस? सेट्टे घे, पण घाई नको करू

हे बघ, माझं मत विचारशील तर फ्रातेली वायनरीची सेट्टे. आपल्या अकलूजची आहे रे! सोलापूर जिल्ह्यात, पुण्यातून इंदापूरवरून गेलं की सकाळी निघून दुपारी जेवायला तिथे. २००७ ला मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांनी मिळून काढलेली वायनरी, वाइनमेकर टस्कनीचे पिएरो मासी. इटालियनमधे फ्रातेली म्हणजे भाऊ, सेट्टे म्हणजे सात.

सांजोवेसे आणि काबर्ने सोविन्यों ही दोन द्राक्षं आणि ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली, त्यामुळे पहिल्या घोटाला जीभ आवळते, जांभूळ खाल्ल्यावर होते ना अगदी तश्शी. ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट अंश, वाइन खराब नाहीये, म्हणून तोंड वाकडं करून ग्लास बाजूला ठेवू नकोस. तासभर आधी काचेच्या जगमधे ओतून ठेव, हवा लागली की तुरटपणा कमी होतो आणि मग फळाचा वास वर येतो.

आणि रेड रूम टेंपरेचरला प्यायची वगैरे विसर, ते थंड देशातलं, एप्रिलमधे पुण्यात ३८ डिग्री असतं. प्यायच्या आधी तास-दीड तास फ्रीजमधे, १६-१८ डिग्रीला मस्त लागते. मी एक बाटली अख्खा उन्हाळा ओट्यावरच्या फळीवर ठेवली होती, उघडली तर शिजवलेल्या मनुकांचा वास, फार वाईट वाटलं.

सोबत मटण सुक्कं कर, तिखट बेतानं, झणझणीत रश्शाबरोबर टॅनिन अजून बोचतं. शक्य असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत अकलूजला जा, तोडणी चालू असते, वेलीवरचं द्राक्ष चावून बघ, केवढंसं असतं आणि बिया किती!