बुडालेल्या युद्धनौका पाहायला पाण्याखाली जायचं असेल, तर तयारी कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स नुकताच झालाय, नौदलाच्या इतिहासाचं वेड जुनं आहे आणि आता एखाद्या बुडालेल्या जहाजाच्या आत शिरायचंय. कोणत्या जहाजापासून सुरुवात करावी आणि आत जाणं कितपत धोक्याचं, हे तुमचे दोन प्रश्न. गेली बरीच वर्षं मी हेच करत आलोय, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी एक विनंती. आत शिरण्याचा विचार निदान वर्षभर बाजूला ठेवा. त्या वर्षात एकच जहाज निवडा आणि ते घरी बसून वाचून काढा. आराखडा, जुनी छायाचित्रं, ते कसं बुडालं याची हकीकत, जे मिळेल ते. हे मी स्वतः उशिरा शिकलो.

माझी पहिली युद्धनौका म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये, स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदराच्या तळाशी असलेली जर्मन क्रूझर, म्हणजे हलकी, वेगवान युद्धनौका, 'कोल्न'. लांबी दीडशे मीटरहून जास्त, खोली साधारण 35 मीटर. दोर धरून खाली उतरलो. हिरवट पाणी, बोचरी थंडी, आणि अचानक समोर एक प्रचंड भिंत. तिच्या कडेनं पोहत राहिलो. भिंतीतून खांब आडवे बाहेर आलेले, काळी भोकं, शेवाळ, मऊ प्रवाळ. वर आलो तेव्हा भारावून गेलो होतो, पण नेमकं काय पाहिलं हे सांगता येईना. नाळेकडे गेलो होतो की पिछाडीकडे, तेही नाही.

त्या रात्री बोटीवर कुणीतरी जहाजाचा आराखडा टेबलावर पसरला आणि कागद काटकोनात फिरवला. तेव्हा उलगडा झाला. 'कोल्न' उजव्या कुशीवर पडलेली आहे. मी जिला भिंत समजलो ते तिचं डेक होतं आणि आडवे खांब म्हणजे डोलकाठी. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरलो. यावेळी चिलखती नियंत्रण बुरूज दिसताक्षणी ओळखला. इथे उभं राहून माणसं तोफांना अंतर सांगत असणार, हे कळलं आणि अंगावर काटा आला. पाणी तेच, जहाज तेच. फरक फक्त त्या कागदाचा.

आता हे जहाज तिथे कसं आलं तेही सांगतो, कारण ती हकीकत माहीत नसेल तर खाली दिसतं ते निव्वळ लोखंड. 11 नोव्हेंबर 1918 ला पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम झाला आणि जर्मन आरमारातली 74 जहाजं स्कापा फ्लोमध्ये आणून अडकवून ठेवली. त्यांचं पुढे काय करायचं यावर विजेत्या राष्ट्रांचा काथ्याकूट सात महिने चालला. जहाजांवर थोडेसेच जर्मन नौसैनिक ठेवलेले, त्यांना किनाऱ्यावर उतरायला बंदी, बातम्या मिळायच्या त्या शिळ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून. त्यांचा प्रमुख रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर याची समजूत अशी झाली की युद्धविरामाची मुदत संपतेय आणि जहाजं शत्रूच्या ताब्यात जाणार. 21 जून 1919 च्या सकाळी पहाऱ्यावरचा ब्रिटिश ताफा सरावासाठी बाहेर पडला आणि रॉयटरनं आधीच ठरलेला इशारा दिला. तळाचे व्हॉल्व्ह उघडले गेले, आतले जलरोधक दरवाजे सताड उघडे टाकले गेले. त्याच दिवशी शाळेतली मुलं 'फ्लाइंग केस्ट्रल' नावाच्या बोटीतून हा ताफा बघायला आली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत जहाजं एकामागून एक कलंडत गेली. 74 पैकी 52 बुडाली. गोंधळात ब्रिटिशांच्या गोळीबारात नऊ जर्मन मारले गेले. 'मार्कग्राफ' या युद्धनौकेचा कप्तान त्यांतला एक.

पुढे अर्नेस्ट कॉक्स या भंगार व्यावसायिकानं 1924 पासून आधी छोट्या विनाशिका आणि मग अवाढव्य जहाजं वर काढली. पालथ्या जहाजात दाबाखाली हवा भरायची आणि ते तसंच उलटं तरंगवायचं, ही त्याची पद्धत. आज मोठ्यांपैकी सातच तळाशी उरली आहेत. 'कोनिग', 'क्रोनप्रिन्झ विल्हेल्म' आणि 'मार्कग्राफ' या तीन बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांच्या अवजड चिलखती युद्धनौका, आणि चार क्रूझर.

क्रूझर कुशीवर आणि बॅटलशिप पालथ्या, असं का? बॅटलशिपच्या डेकवर 30.5 सेंटिमीटरच्या दहा तोफा, त्यांचे चिलखती बुरूज. वरचा भार इतका की आत पाणी शिरून तोल गेल्यावर जहाज पूर्ण उलटतं. त्यामुळे ब्रिटिश आरमाराशी जटलंडला झालेल्या लढाईत 1916 साली धडधडलेल्या तोफा आता स्वतःच्याच जहाजाखाली दबल्या आहेत. 40 मीटरच्या आसपास उतरून आधी पाहायला मिळतो तो जहाजाचा तळ. हे आधी ठाऊक नसेल तर निराश व्हाल. ठाऊक असेल तर 'क्रोनप्रिन्झ'च्या कडेखालून दिसणारी तोफेची नळी जन्मभर विसरणार नाही.

क्रूझरच्या मधल्या भागात मोठं भगदाड दिसलं तर ते लढाईतलं समजू नका. इंजिनरूममधल्या महाग धातूंसाठी नंतरच्या भंगारवाल्यांनी सुरुंग लावून ते फोडलंय. बुडालेलं जहाज वाचणं म्हणजे हेच. कोणती जखम कधीची, ते ओळखणं.

आता धोक्याकडे येतो. तुमचा आत्ताचा कोर्स 18 मीटरपर्यंतचा आहे. बहुतेक नामांकित जहाजं 25 ते 45 मीटरच्या पट्ट्यात आहेत. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे हवाही चौपट लागते. 12 लिटरची टाकी 200 बारला (बार हे दाबाचं एकक) भरली तर 2,400 लिटर हवा. शांतपणे श्वास घेणारा माणूस वर मिनिटाला 20 लिटर वापरत असेल, तर खाली 80 लिटर. म्हणजे टाकी रिकामी व्हायला 30 मिनिटं. आत शिरणाऱ्यांचा जुना नियम असा की एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी, उरलेली संकटासाठी, तीही आपल्यापुरती नाही, जोडीदारासाठीही. हिशोब केलात तर जाण्यासाठी दहाच मिनिटं हातात येतात, आणि त्यातच खाली उतरणंही आलं. त्यात 30 मीटरच्या खाली नायट्रोजनची गुंगी चढू लागते. गुंगी आलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटतं, हा तिचा सगळ्यात वाईट गुण.

पण आतला खरा शत्रू गाळ आहे. दशकानुदशकं साचलेला, पिठासारखा बारीक. पायातल्या फिनचा एक फटका चुकला की टॉर्च डोळ्यांसमोर धरूनही दिसत नाही. फिन अगदी नीट चालवलेत तरी आपल्याच श्वासाचे बुडबुडे छताला लागतात आणि तिथला गंज पापुद्र्यांनी खाली बरसतो. मी एकदा एका मालवाहू जहाजाच्या दोन खोल्या ओलांडून आत गेलो होतो. परत वळलो तर दरवाजा नव्हता. होता तिथेच, पण दिसत नव्हता. हातात दोर होता म्हणून मी आज हे लिहितोय. डोळे मिटून, दोर बोटांत सैल धरून, चिमटीनं चाचपत बाहेर आलो. जेमतेम चार मीटरचं अंतर होतं आणि मला ते संपतच नाही असं वाटत होतं. त्यानंतर कित्येक महिने मी कुठल्याही जहाजाच्या आत गेलो नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहणं, इतकी पक्की करा की तळापासून हातभर वर, हात न हलवता, पाच मिनिटं स्थिर राहता येईल. मग ॲडव्हान्स्ड, म्हणजे 30 मीटरपर्यंतचं प्रशिक्षण. फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणं, शिका, तिनं गाळ उठत नाही. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, वापरायला शिका, खाली थोडा जास्त वेळ मिळतो. त्यानंतर चांगल्या प्रशिक्षकाबरोबर रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा कोर्स. परतीच्या दोराचं रील उघड्या पाण्यात बांधल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, प्रत्येकाकडे तीन टॉर्च, आणि जिथून बाहेरचा उजेड दिसतो त्यापलीकडे जायचं नाही. 'काही होत नाही, चला आत' म्हणणारा गाइड भेटला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. जोडीदाराला वाईट वाटेल म्हणून आत जाऊ नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती मला सांगायचीच आहे. खालून काहीही उचलू नका. पितळेचा खिळा नको, कपबशीचा तुकडा नको. समुद्रात राहिलेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. वर काढून नुसतं वाळवलं की काही काळात ते तडकून भुगा होतं. अमेरिकन यादवीतल्या 'मॉनिटर' या चिलखती युद्धनौकेचा तोफबुरूज 2002 साली वर काढला आणि त्यातले क्षार काढण्यासाठी तो वर्षानुवर्षं टाकीत ठेवावा लागला. घरी आपल्याला हे जमणार नाही.

दुसरं कारण याहून मोठं आहे. बहुतेक युद्धनौका कबरी आहेत. 27 फेब्रुवारी 1942 ला जावा समुद्राच्या लढाईत 'डे रॉयटर' आणि 'जावा' या डच क्रूझर शेकडो नौसैनिकांसह बुडाल्या. ॲडमिरल कारेल डोरमन त्यांतच गेला. 2002 साली डायव्हर्सना ही जहाजं सापडली. 2016 साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोन्ही जहाजं जागेवर नव्हती. समुद्राच्या तळावर त्यांच्या आकाराचे खड्डे तेवढे उरले होते. भंगारासाठी अख्ख्या क्रूझर उचलून नेल्या होत्या, आतल्या माणसांच्या अवशेषांसकट. त्या बातमीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

स्कापा फ्लोमध्येच 'रॉयल ओक' आहे. 14 ऑक्टोबर 1939 च्या मध्यरात्रीनंतर गुंटर प्रीनची यू-47 पाणबुडी बंदरात घुसली आणि तिच्या टॉर्पेडोंनी हे जहाज बुडवलं. आठशेहून जास्त माणसं गेली. तिथे डायव्हिंगला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी तिच्या वरच्या खुणेच्या तरंडाजवळून बोटीनं जातो तेव्हा आमच्या बोटीवर कुणी बोलत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ॲडव्हान्स्ड झाल्यावर लाल समुद्रातल्या 'थिसलगॉर्म'पासून सुरुवात करा. युद्धनौका नाही, पण युद्धाचं सामान नेणारं ब्रिटिश जहाज. 6 ऑक्टोबर 1941 ला जर्मन हाइंकेल विमानाच्या बॉम्बनं दारूगोळा पेटला आणि पिछाडी तुटून वेगळी झाली. नऊ माणसं गेली. साधारण 30 मीटरवर ते सरळ उभं आहे, त्यामुळे आराखडा न फिरवता वाचता येतो. मालखान्यात ट्रक, बीएसए मोटरसायकली, रबरी बुटांचे ढीग. डेकवरची दोन रेल्वे इंजिनं स्फोटानं उडून शेजारच्या वाळूत पडली आहेत. पहिल्या डायव्हला आत जाऊ नका. बाहेरून एक फेरी मारा, प्रवाहाचा अंदाज घ्या, तुटलेल्या कडेचं लोखंड कोणत्या दिशेला वळलंय ते नीट पाहा. वर आल्यावर पाटीवर त्याचं चित्र काढा, आणि मग आराखड्याशेजारी ठेवून बघा की स्फोट नेमका कुठे झाला असेल.