सहा एकर गवतासाठी स्लॅशर घ्यावा की मल्चर?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: राजापूरकडे सहा एकर जागा, त्यात तीन एकरांवर हापूस आणि काजू, बाकी उताराचा सडा, म्हणजे जांभ्याचा कातळी माळ. २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर घरात आहे. बेणणीला (वाढलेलं गवत काढायला) माणसं मिळत नाहीत म्हणून ट्रॅक्टरला गवत कापायचं अवजार जोडायचंय. एक विक्रेता पाच फुटी मल्चर घ्या म्हणतो, दुसरा चार फुटी स्लॅशर.

माझं मत चार फुटी रोटरी स्लॅशरला, म्हणजे जमिनीला समांतर फिरणाऱ्या जड पात्यांनी गवत छाटणाऱ्या अवजाराला. त्याला स्लिप क्लच (दगड लागून जास्त जोर आला की घसरणारा आणि गिअरबॉक्स वाचवणारा क्लच) हवा आणि पुढेमागे साखळ्यांचा पडदा हवा. लांज्याजवळ आमची सात एकर बाग आहे, गेले नऊ पावसाळे तिची बेणणी मी ट्रॅक्टरनेच करतोय. पण कारणं नीट वाचा, कारण तुमच्या जागेत एखादी गोष्ट वेगळी निघाली तर उत्तरही बदलेल.

आधी हे ठरवा की कापलेल्या गवताचं काय करणार. दुकानात हे कोणी विचारत नाही. घरी गुरं असतील किंवा गवत विकायचं असेल, तर स्लॅशर आणि मल्चर दोन्ही बाद, कारण दोन्ही गवताचा चुरा करून जमिनीवर टाकतात. वैरणीसाठी कटर बार लागतो. तो कात्रीसारखा मागेपुढे चालतो, गवत बुडातून कापून आडवं पाडतो, मग पेंढ्या बांधता येतात. मात्र दगड लागला की त्याचे दाते जातात आणि रानमोडीच्या अंगठ्याएवढ्या खोडापुढे तो अडतो. फार्महाऊससमोर हिरवळ राखायची असेल तर तीन पात्यांचा फिनिशिंग मोअर असतो, पण तो वीतभर गवताचा गडी आहे. ऑक्टोबरातल्या कमरेएवढ्या गवतात त्याला घालू नका. तुम्हाला गवत बागेतच कुजवायचं असेल आणि वणव्याची भीती घालवायची असेल, तर निवड स्लॅशर आणि मल्चर यांच्यातच राहते.

मल्चर वाईट नाही, उलट काही बाबतींत तो सरस आहे. आडव्या रोलरवर पंचवीस-तीस छोटी पाती लोंबकळत असतात, गवत बारीक होऊन सारखं पसरतं आणि दगड फार लांब उडत नाही. पण आपल्याकडे दुकानात जो मल्चर मिळतो तो बहुतेक उसाच्या पाचटासाठी किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांसाठी बनवलेला असतो. त्याला ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो. तुमच्या २४ एचपीमधून पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला, वीस-बावीसच मिळतात. स्लॅशरला रुंदीच्या दर फुटाला चार ते पाच एचपी धरा, मल्चरला सहा ते आठ. म्हणजे चार फुटी स्लॅशर बसतो, पाच फुटी मल्चर बसत नाही. ट्रॅक्टर धूर ओकेल, पीटीओचे फेरे पडतील आणि गवत कापलं जाण्याऐवजी नुसतं झोडपलं जाईल. तुमची जागा सपाट असती, दगड वेचलेला असता आणि हलका साडेतीन फुटी मल्चर मिळत असता, तर मी तोच घ्या म्हटलं असतं.

रुंदीचा अजून एक हिशोब आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी टेपने मोजा. अवजार त्याहून थोडं तरी रुंद हवं, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत न कापता मागे राहतं आणि दोन दिवसांत पुन्हा उभं होतं. छोट्या ट्रॅक्टरला चार फूट सहसा पुरतात. ताशी तीन किलोमीटरने चार फुटी स्लॅशर चालवला तर वळणं आणि झाडांभोवतीचा वेळ धरून तासाला पाऊण एकराच्या थोडं आत काम होतं. सहा एकरांना साडेआठ-नऊ तास, म्हणजे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. पाच फुटीने यातले दीड-दोन तास वाचतील, पण दहा मीटरवर लावलेल्या कलमांच्या खाली शिरताना तो एक फूट प्रत्येक वळणाला आडवा येतो.

आता दगड. कोकणात अवजार निवडताना माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

पहिल्या वर्षी मी सडा न फिरता थेट स्लॅशर घातला. गवत छातीएवढं होतं. त्यात जुन्या गडग्याचे (दगडी कुंपणाचे) ढासळलेले चार चिरे दडले होते, ते मला दिसलेच नाहीत. आधी ठण्ण असा आवाज आला, मग ट्रॅक्टरला हिसका बसला आणि स्लॅशर गप्प. शिअर बोल्ट, म्हणजे जोराचा धक्का बसला की तुटावा म्हणूनच घातलेला बोल्ट, तुटला होता, म्हणजे त्याने त्याचं काम केलं. पण खाली उतरून बघतो तो वीस पावलांवरच्या काजूच्या खोडात जांभ्याची लिंबाएवढी कपची रुतलेली. साल फाटून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं आणि कडेने चीक यायला लागला होता. ती जखम माझ्या गुडघ्याच्या उंचीवर होती. अर्ध्या तासापूर्वी त्याच झाडाखाली आमचा गडी डबा खात बसला होता. तेव्हापासून स्लॅशर फिरत असताना शंभर पावलांच्या आत मी कुणालाही उभं राहू देत नाही, घरच्यांनाही नाही. चार फुटी स्लॅशरचं पातं मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर धावतं. साखळ्यांचा पडदा ‘एक्स्ट्रा’ म्हणून विकला जातो, तो एक्स्ट्रा समजू नका. तो नसेल तर अवजार घरी आणूच नका.

म्हणून घेण्यापूर्वी स्लॅशर उलटा करून बघा. पाती मधल्या दांड्याला घट्ट आवळलेली आहेत की बोल्टवर मोकळी फिरतात? मोकळीच हवीत. दगड लागला की पातं मागे वळतं आणि धक्का गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. दांड्याच्या जागी बशीसारखी जाड गोल थाळी असेल तर आणखी चांगलं, ती बुंध्यावरून आणि चिऱ्यावरून घसरत पुढे जाते. शिअर बोल्ट की स्लिप क्लच यात स्लिप क्लचला थोडे पैसे जास्त द्या. दगडाळ जागेत दिवसाला तीन बोल्ट तुटतात आणि तिसऱ्या वेळी माणूस वैतागून तिथे साधा कडक बोल्ट घालतो. मग पुढचा दगड गिअरबॉक्स फोडतो. स्लिप क्लचची एक खोड मात्र आहे: पावसाळाभर पडून राहिला की त्याच्या चकत्या गंजून चिकटतात. दरवर्षी कामाला लागण्याआधी स्प्रिंगा सैल करून तो एकदा घसरवून घ्यायचा, मग पुन्हा मापात आवळायचा.

तुमच्या ट्रॅक्टरला साधा सिंगल क्लच असेल तर पुढचं लक्षपूर्वक वाचा. जड पाती एकदा फिरायला लागली की क्लच दाबला तरी लगेच थांबत नाहीत. ती फिरण्याची ताकद पीटीओमधून उलटी येऊन चाकांना मिळते आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. बांधाच्या कडेला हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. पीटीओवर बसणारा ओव्हररनिंग कपलर मिळतो, तो एकाच बाजूने ताकद देतो. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर ही काळजी नाही.

पीटीओ शाफ्ट जसा आला तसा लावू नका. अवजार वरखाली करून दोन टोकं सगळ्यात जवळ कधी येतात ते बघा. तिथेही नळीत दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे, नाहीतर शाफ्ट टेकून बेअरिंग फुटतं. आणि सगळ्यात लांब असताना निदान एक तृतीयांश भाग एकमेकांत राहायला हवा. लांब असेल तर आतली आणि बाहेरची अशा दोन्ही नळ्या सारख्या कापून घ्या. वरचं प्लास्टिकचं आवरण काढून फेकायची आपल्याकडे सवय आहे. कृपा करून फेकू नका. उघड्या फिरत्या शाफ्टात लुंगीचं टोक किंवा उपरणं अडकलं तर माणूस वाचत नाही.

चालवताना उंची तीन ते चार इंच ठेवा, टॉप लिंकने (अवजाराला वरून जोडणाऱ्या मधल्या दांड्याने) पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा-एक इंच खाली घ्या. वेग कमी करायचा तर गिअर खालचा टाका, थ्रॉटल खाली आणू नका. पीटीओला पूर्ण ५४० फेरे मिळाले तरच काप नीट येतो. पीटीओला दोन वेग असतील तर ५४०च्या स्लॅशरला वरचा वेग कधीच देऊ नका. उताराला आडवं न जाता वर-खाली चाला. ओल्या सड्यावर तर ट्रॅक्टर नेऊच नका, शेवाळावर चारही चाकं घसरतात.

आधी एकदा पायी फिरायचं, हातात काठी, पायात गमबूट. आपल्याकडच्या सड्यावर फुरसं असतंच. चिरे, तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या दिसतील तिथे काठीला चिंधी बांधून रोवा. आमच्याकडे जुन्या कुंपणाची तार पात्याच्या शाफ्टला गुंडाळली गेली आणि ऑइल सील कापलं गेलं. गिअरबॉक्सखाली गवताचा चुरा तेलाने काळा होऊन चिकटलेला दिसला म्हणून वेळेत कळलं. तेव्हापासून रोज काम संपलं की मी खाली हात घालून बघतो, अर्थात इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवूनच. वर उचललेल्या अवजाराखाली आधी लाकडी ठोकळा द्यायचा.

कापणी एकदाच करू नका. गणपतीनंतर पावसाची उघडीप मिळाली आणि जमीन वाळली की पहिली, कुसळी गवताला कुसळं धरायच्या आत. दुसरी ऑक्टोबरच्या शेवटी. दोनदा कापलं की थर पातळ पडतो आणि लवकर कुजतो. एकदम छातीएवढं कापलंत तर स्लॅशर जाड ओळी टाकतो, त्या जानेवारीत वाळून वणव्याला वाट करून देतात. हद्दीलगत दहा-बारा फुटांचा पट्टा मात्र पार साफ करून घ्या, गवत उचलूनसुद्धा. खोडाभोवती दोन-तीन फूट स्लॅशर नेऊ नका, तेवढं ग्रास कटरने किंवा कोयतीने काढा. कलमाच्या खोडाला एकदा लागलेला मार वर्षानुवर्षं भरून येत नाही.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल करू नका. आधी घेतलेल्या अवजाराला पैसे मिळत नाहीत.

तुमच्या ट्रॅक्टरचं मॉडेल आणि क्लच सिंगल की ड्युअल एवढं कळवा. जमलं तर पीटीओच्या टोकापासून खालच्या लिंकच्या भोकांपर्यंतचं अंतरही मोजून पाठवा. शाफ्ट किती कापावा लागेल ते त्यावरून सांगतो.