शेल्टरमधला माणसाळलेला कुत्रा ओळखायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात ७ वर्षांचा मुलगा आणि काठी घेऊन चालणारी ६८ वर्षांची आई. याआधी कधी कुत्रा पाळलेला नाही. शेल्टरमधून प्रेमळ कुत्रा दत्तक घ्यायचाय, पण पिल्लू घ्यावं की मोठा, आणि तो प्रेमळ आहे हे आधी कळणार कसं?

आमचं घर जवळजवळ असंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, माझी आई आमच्याकडेच असते आणि तीही काठी वापरते. तांबी ही आमची कुत्री, तिला शेल्टरमधून आणून आता चार वर्षं होतील.

पिल्लू घेऊ नका. मोठा घ्या, दोन-तीन वर्षांचा. पिल्लू गोड दिसतं, पण ते मोठं होऊन कोणत्या स्वभावाचं निघेल हे त्याला वाढवणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांच्या भीतीने त्याला रस्त्यावर नेता येत नाही. तोवर दर दोन तासांनी घरातच शू. दात शिवशिवतात म्हणून ते हात, टाचा, परकराचा घेर, जे दिसेल ते चावतं. तुमचा मुलगा आठवडाभरात रडकुंडीला येईल, आणि आईच्या पायात ते कधी घुटमळेल याचा नेम नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव बनून झालेला असतो. तो तुम्हाला नीट बघता येतो, फक्त बघायला सवड काढावी लागते.

मी शेल्टरमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. आत शिरल्याशिरल्या एक काळा कुत्रा जाळीवर पुढचे पाय टाकून उभा राहिला. शेपटी फिरतेय, कुईकुई चाललीय, जाळीतून जीभ बाहेर काढून माझी बोटं चाटतोय. मला भरूनच आलं. म्हटलं, यानेच मला निवडलं! तिथे कुत्र्यांना खायला घालणाऱ्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, त्याला तुम्ही नकोय, त्याला बाहेर यायचंय." त्यांनी त्याला अंगणात सोडलं. तो माझ्याकडे एकदाही न बघता सुसाट पळत सुटला, वीस मिनिटं भिंतीकडेने येरझाऱ्या घालत राहिला. वाईट कुत्रा नव्हता तो. पण त्याला मोकळं मैदान आणि दिवसाला दोन तास पळवणारा माणूस हवा होता.

मग त्यांनी मला तांबी दाखवली. ती गोणपाटावर बसली होती. उठली, सावकाश आली, आधी माझी चप्पल हुंगली, मग हाताचा तळवा. नंतर माझ्या नडगीला खांदा टेकवून तशीच उभी राहिली. मी खाजवायचं थांबवलं तशी वर बघितलं, आणि मी पुन्हा हात लावला नाही तेव्हा शांतपणे जाऊन उन्हात लवंडली. हाक मारली, तर परत आली. तुम्हाला शोधायचंय ते हेच. स्वतःहून येणं, आणि हात बाजूला घेतला तरी न बिथरणं. झेप घेऊन अंगावर येणाऱ्या कुत्र्याच्या प्रेमात लगेच पडू नका. पुष्कळदा ती नुसती घालमेल असते. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्यावर दया येते, पण पहिल्यांदाच पाळणाऱ्याने तोही घेऊ नये, त्याला जाणकार हात लागतात. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हाही गैरसमज. शेपटी ताठ उभी ठेवून फक्त टोक थरथरवणारा कुत्रा तणावात असतो. खूश असला की सगळं मागचं अंग हलतं, डोळे मऊ होतात, तोंड सैल उघडं राहतं.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आईला बरोबर न्या, आणि काठीसकट न्या. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याने बऱ्याचदा काठीचा मार खाल्लेला असतो. माणसांशी अतिशय गोड वागणारा कुत्रा काठी दिसताच पोटाशी शेपटी घालतो किंवा दात दाखवतो. आमचंही असंच झालं. दुसऱ्या खेपेला आई आली तेव्हा तांबी तीन पावलं मागे सरली. आईने काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि बाकावर बसून राहिली. दहा मिनिटांनी तांबीने काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली आणि आईच्या पायाशी बसली. मागे सरणं चालतं. त्यातून किती वेळात आणि कशी सावरते ते बघायचं असतं. ती जर गुरगुरली असती, तर कितीही जीव जडला असता तरी मी तिला आणलं नसतं. मुलालाही न्या, पण त्याला आधी बजावून ठेवा: आपण जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं.

आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, "याला परत का सोडलं नाही?" आपल्याकडची बरीचशी शेल्टरं मुळात दवाखाने असतात. रस्त्यावरचं जखमी जनावर येतं, बरं होतं. नियमाप्रमाणे (आता २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत, त्याआधी २००१ चे होते) नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या भटक्या कुत्र्याला सहसा त्याच्या मूळ जागी परत सोडतात. कानाला खाच दिसते ती त्याचीच खूण. म्हणजे जो दत्तक द्यायला ठेवलाय, त्याच्या मागे काहीतरी कारण आहे. कुणी पाळलेला आणून सोडलाय, आई मेलेलं पिल्लू तिथेच वाढलंय, पाय अधू झालाय, किंवा क्वचित चावल्याची तक्रार आहे. हे कारण मोकळेपणाने सांगणारी जागा भरवशाची समजा. तांबीचं उत्तर असं होतं: मागचा पाय मोडून जुळलाय, वेगाने पळता येत नाही, आणि दिसेल त्या माणसाच्या मागे रस्ता ओलांडून जाते. तिच्या या प्रेमळपणामुळेच ती रस्त्यावर जगली नसती.

निदान तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी. तिथल्या माणसाला सांगून त्याला पट्टा लावून बाहेर फिरवा, जेवताना शेजारून चालत जा, पंजाला आणि कानाला हात लावून बघा. मुंबई-पुण्यात दत्तक शिबिरं भरतात, मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’ या प्राणिसंस्थेची मोठी असतात. तिथून चांगली घरं मिळालेले कुत्रे मी पाहिलेत. पण त्या गर्दीत आणि आवाजात कुत्रा बावरलेला असतो. तिथे पसंत पडला, तरी तो राहतो तिथे जाऊन एकदा भेटाच.

आता घरी आणल्यानंतरचं. या क्षेत्रातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात. तीन दिवस तो भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत ते त्याचं घर होतं. आमच्याकडे तंतोतंत तसंच झालं. पहिली रात्र तांबीने चपलांच्या स्टँडशेजारी भिंतीला पाठ लावून काढली. कुणी बघत असेल तर ती पाणीही पीत नव्हती, म्हणून आम्ही सगळे स्वयंपाकघरात जाऊन गप्प उभे राहायचो आणि लपलप आवाज आला की एकमेकांकडे बघून हसायचो. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. लिफ्टमध्ये तर वीस दिवस पाऊल टाकलं नाही, नवऱ्याने रोज तीन जिने चढ-उतार केले. या काळात पाहुणे बोलावू नका, आंघोळ घालू नका, नातेवाइकांना दाखवायला नेऊ नका. मुलाला वाटेल, हा खेळतच नाही. त्याला समजावून सांगा.

आमची एक चूक सांगते, ती तुम्ही करू नका. नवव्या दिवशी संध्याकाळी फिरवताना शेजारी टेम्पोने फाटकन आवाज केला. तांबीने मान मागे खेचली आणि गळ्यातला पट्टा मुठीएवढ्या डोक्यावरून सटकन निघून आला. माझ्या हातात रिकामा पट्टा, आणि ती दिसेनाशी. गावठी कुत्र्यांची मान जाड आणि डोकं निमुळतं असतं, साधा पट्टा हमखास निघतो, हे मला माहीतच नव्हतं. चार तास आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. मुलगी हाका मारून घोगरी झाली. रात्री अकराच्या सुमारास आई काठी टेकत खाली उतरली, आणि आमच्याच पार्किंगमध्ये एका गाडीखालून तांबी सरपटत बाहेर आली. ती काठीचा आवाज ओळखायला लागली होती. त्या दिवसापासून छातीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला दोरी. पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला. शेल्टरच्या दारातून बाहेर पडण्याआधीच हे अंगावर चढवा, आणि पहिले दोन महिने दोरी हातातून सोडू नका, कितीही शहाणा वाटला तरी.

मुलासाठी आमच्याकडे तीन नियम होते: जेवताना हात लावायचा नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, गळ्यात मिठी मारायची नाही. कुत्र्याला मिठी म्हणजे अडकवणं वाटतं. दोघांना खोलीत एकटं सोडायचं नाही हा मोठ्यांचा नियम. खेळताना दात लागून जरा जरी खरचटलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

आणल्यावर आठवड्याभरात पशुवैद्याला दाखवा. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वोच्या लसींची नोंद शेल्टरकडून लेखी घ्या, दरवर्षी बूस्टर लागतो. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. आणि गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्या महिन्यात तांबीने दोन दिवस जेवण हुंगून सोडलं. आईनेच तिचा ओठ उचलून बघितलं, तर हिरड्या गुलाबीच्या पांढुरक्या झाल्या होत्या. गोचीडताप निघाला. वेळेत कळला म्हणून २८ दिवसांच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर निभावलं.

जेवणाचं म्हणाल तर भात, उकडलेलं चिकन, अंडं, थोडी भाजी. शाकाहारी घर असेल तर डॉक्टरांना विचारून कोरडं खाणं ठेवा. नुसतं दूध-पोळीवर भागत नाही. उरलेली आमटी-भाजी मात्र नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याला विषारी. मनुका-बेदाणेही तसेच. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आमची आई अजूनही एकेक वेचून बाजूला काढते, मगच तांबीला चिमूटभर प्रसाद.

सोसायटीची काळजी करू नका, पण तयारी ठेवा. आमच्याकडे दोघांनी हरकत घेतली होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत मी सेक्रेटरींना दिली, पण खरं काम केलं ते खिशातल्या पिशवीने. शी प्रत्येक वेळी उचलायची, न चुकता. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा.

दिवाळीच्या तोंडावर मात्र आणू नका. फटाक्यांत नवा कुत्रा घाबरून पळतो तो सापडत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, आणि घरातलं कुणीतरी आठ-दहा दिवस रजा काढून घरी असेल असं बघा. पहिल्या भेटीला रविवार टाळा, गर्दी असते. शनिवारी सकाळी जा, खायला घालायच्या वेळी, म्हणजे रोज खायला घालणारी माणसंही भेटतील. आईच्या काठीकडे बघून कुत्र्याने काय केलं ते मला नक्की कळवा.