पिरेअसची नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला पिरेअसच्या, म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्सजवळच्या बंदराच्या, एका जहाज कंपनीच्या ऑफिसात किनाऱ्यावरची नोकरी मिळतेय, मुलगी चार वर्षांची आहे, जानेवारीत निघायचं आहे, आणि ठाण्यात जो तो म्हणतोय, "ग्रीस कर्जात बुडालंय, तिथे कुठे जाता?" बँकेतले पैसे अडकतील का, आपल्या रंगाच्या माणसाला भीती आहे का, आणि लोक खरंच इतके आळशी आहेत का, हे तुमचे प्रश्न. मी २००९ पासून इथे आहे. माझा नवराही बोटीवरून उतरून इथल्याच एका ऑफिसात लागला. म्हणून इथे जे पाहिलं ते लिहिते.

आळशीपणाचं आधी, कारण ते वाचून मला वाईट वाटलं. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१४ च्या आकड्यांत ग्रीक माणूस वर्षाला दोन हजारांहून जास्त तास काम करत होता, जर्मन माणसापेक्षा कितीतरी जास्त. देश कर्जात बुडाला त्यामागचा घोटाळा सरकारी हिशेबात होता, करचुकवेगिरीत होता, आपापली माणसं खुर्चीवर बसवण्यात होता. भरपाई मात्र भलत्यांनीच केली. मे २०१० मध्ये पहिलं 'म्निमोनियो' झालं, म्हणजे कर्जाच्या बदल्यात काटकसर करण्याचा करार. हा शब्द तुमच्या कानावर पडेल. २०१२ मध्ये किमान पगार महिना ७५१ युरोंवरून ५८६ वर आणला, पंचविशीच्या आतल्यांना ५११. २०१५ मध्ये नोकरी करू पाहणाऱ्या चार माणसांमागे एक बेकार होता, तरुणांत जवळजवळ निम्मे. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी शिकलेली आर्किटेक्ट आहे, आणि कॉफीच्या दुकानात उभी असते. तिथलाही पगार दोन-दोन महिने थकतो. चार माणसांचं घर आजीच्या पेन्शनवर चालतंय अशी घरं आमच्या गल्लीत पाच तरी आहेत, आणि ती पेन्शनही किती वेळा कापली गेली.

म्हणून माझं मत सरळ आहे. पगार जहाजाच्या धंद्यातून, बाहेरून येणाऱ्या डॉलरमधून मिळणार असेल आणि नेमणुकीच्या पत्रात रक्कम नि तारीख स्पष्ट असेल, तर या. इथल्या बाजारावर चालणारी नोकरी असती, हॉटेल किंवा दुकानातली, तर मी तुम्हाला आत्ता येऊ नका म्हटलं असतं.

पैशांचं. २८ जून २०१५ ला, रविवारी रात्री, जाहीर झालं की उद्यापासून बँका बंद आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो. वीसच्या नोटा लगेच संपल्या, त्यामुळे हातात पन्नासच यायचे. आमच्या घरमालकीणबाई ७८ वर्षांच्या, कार्ड कधी वापरलेलं नाही. बुधवारी काही शाखा फक्त पेन्शनवाल्यांसाठी उघडल्या, माणशी १२० युरो द्यायला. मी त्यांच्याबरोबर पहाटे सहाला रांगेत उभी राहिले. त्यांनी घरून घडीचं स्टूल आणलं होतं, पण त्यावर त्यांनी पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना बसवलं. नऊ वाजता दारातल्या माणसाने सांगितलं की आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे बोलावलंय, तुमचं अक्षर शुक्रवारी. बाई काही बोलल्या नाहीत. स्टूल मिटलं, पर्समधलं पासबुक परत रुमालात बांधलं आणि माझा हात धरून घरी आल्या. परदेशी बँकेच्या कार्डाला ती मर्यादा नव्हती. मी आमच्या मुंबईच्या खात्यातून शंभर युरो काढून दिले. शुक्रवारी संध्याकाळी ते पाकिटात घालून परत आले, वर पिशवीभर लिंबं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली ही बाई, स्वतःच्याच पैशांसाठी स्वतःच्याच गल्लीत रांगेत उभी होती. ती सकाळ मी विसरणार नाही.

बँका तीन आठवड्यांनी उघडल्या. मग मर्यादा आठवड्याला ४२० युरोंची झाली, आणि बाहेर पैसे पाठवायला २०१९ पर्यंत बंधनं होती. तेव्हा भारतातलं खातं आणि कार्ड चालू ठेवा, सगळी शिल्लक इकडे आणू नका, आणि महिन्याच्या खर्चाएवढी रोकड घरात असू द्या. दुकानात पावती मागायला लाजू नका. पावती दिली नाही तर गिऱ्हाइकाने पैसे देणं बंधनकारक नाही, अशी पाटीच लावलेली असते.

राजकारणावर कुणीही, कुठेही बोलायला लागतं, पण तुम्ही पहिलं वर्ष फक्त ऐका. कर्ज देणाऱ्यांच्या काटकसरीच्या अटींवर ५ जुलै २०१५ ला झालेल्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी 'ओही' म्हटलं, म्हणजे नाही. ('ने' म्हणजे हो, हे आधी पाठ करा, नाहीतर रोज गोंधळ होईल.) आठच दिवसांनी, ते सार्वमत घेणाऱ्या तेव्हाच्या पंतप्रधान त्सिप्रासच्याच सरकारने आणखी कडक अटी मान्य केल्या, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा त्यालाच निवडून दिलं. आमच्या घरमालकीणबाईंचं मत 'ओही', त्यांच्या मुलाचं 'ने'. रविवारी एका टेबलाला जेवणारी ती दोघं जुलैभर एकत्र बसली नाहीत. दोघांचं म्हणणं मी ऐकलंय आणि दोघांचंही पटतं. ४ एप्रिल २०१२ ला सिंटाग्मा चौकात, पार्लमेंटसमोर, एका ७७ वर्षांच्या निवृत्त औषधविक्रेत्याने स्वतःला गोळी घातली. तिथल्या झाडाला लोकांनी चिठ्ठ्या आणि फुलं बांधली होती, मी जाऊन आले. इतकं सोसलेल्या माणसांना "कर्ज काढलंत तर फेडायला नको का" असं आपण म्हणू नये. आपला पगार त्यांच्या दुपटीचा असताना तर नाहीच नाही.

भीतीबद्दल लपवून सांगणार नाही. २०१२ मध्ये 'ख्रिसी आव्यी' हा वंशद्वेष्टा पक्ष १८ खासदारांसह पार्लमेंटमध्ये आला. जानेवारी २०१३ मध्ये सायकलवरून कामाला निघालेल्या एका पाकिस्तानी तरुणाला अथेन्समध्ये भोसकून मारलं. एप्रिलमध्ये मनोलाडाला स्ट्रॉबेरीच्या शेतावर थकलेली मजुरी मागणाऱ्या बांगलादेशी मजुरांवर गोळ्या झाडल्या. त्या काळात मी नवऱ्याला रात्री उशिराच्या गाडीने येऊ देत नव्हते. सप्टेंबर २०१३ मध्ये पिरेअसला लागून असलेल्या केरात्सिनीत पाव्लोस फिसास या ग्रीक गायकाचा खून झाला, त्यानंतर पक्षाचे पुढारी पकडले गेले, आणि एप्रिल २०१५ मध्ये खटला सुरू झाला. रस्त्यावरचा त्रास त्यानंतर बराच कमी झाला, पण २०१५ मध्येही मतं त्यांना पडली. ऑफिसवाल्या माणसापेक्षा शेतावरच्या पंजाबी, बांगलादेशी मजुराला धोका कायम जास्त, हेही लक्षात असू द्या. आणि याच पिरेअसच्या धक्क्यावर २०१५ मध्ये रोज लेस्वोस बेटाहून बोटींनी सीरियन कुटुंबं उतरत होती, तिथे डबे आणि लहान मुलांचे बूट घेऊन येणारी माणसंही मी पाहिली. ती स्वतः पगार कापलेली होती.

प्रवासात पहिला शब्द शिका 'अपेर्यीआ', संप. १२ नोव्हेंबर २०१५ ला सार्वत्रिक संप झाला, त्याआधी महिन्याच्या सुरुवातीला खलाशांच्या संपात बोटी चार दिवस धक्क्यालाच होत्या. विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्री बातम्या बघा. एरवी मेट्रो स्वच्छ आहे. एजिना बेट पिरेअसहून तास-सव्वा तासावर, मुलीला घेऊन पहिल्या रविवारी तिथे जा. ऑगस्टच्या मध्याला आणि ईस्टरला शहर रिकामं होतं. कोकणातले चाकरमानी गणपतीला जातात तसे सगळे गावी जातात, आणि येताना ऑलिव्ह तेलाचे पत्र्याचे मोठे डबे घेऊन येतात. गावच्या त्या तेलावर आणि तेवढ्याच कौतुकाने आणलेल्या कडधान्यांवर अनेक घरांनी संकटाची पाच वर्षं काढली.

जेवणाचे हाल होणार नाहीत. आठवडी बाजाराला 'लाइकी' म्हणतात. तिथे 'व्लीता' मागा, तो आपला माठच. मसाले अथेन्समधल्या एव्रिपिदू रस्त्यावर, तूरडाळ नि कोथिंबीर तिथल्याच ओमोनिया चौकाजवळ मेनान्द्रू रस्त्यावरच्या दुकानांत. दुपारी दोननंतर बाजार उठताना भाव उतरतात. तेव्हा म्हातारी माणसं येतात. त्या वेळेला त्यांच्या हातातल्या जुडीवर घासाघीस करायला आपण जाऊ नये, सकाळीच जाऊन यावं. औषधं उरली तर फेकू नका. विमा गेलेल्या लोकांसाठी २०१५ मध्ये अथेन्सच्या एलिनिको उपनगरात डॉक्टर फुकट दवाखाना चालवत होते, ते पैसे घेत नसत, पण न उघडलेली औषधं घेत.

घराचं भाडं २०१५ पर्यंत आम्ही आलो तेव्हापेक्षा बरंच उतरलं होतं. काळजी थंडीची करा. २०१२ मध्ये जळाऊ तेलावरचा कर वाढला आणि कित्येक इमारतींनी तेल भरणंच सोडलं. लोक शेकोटीत लाकूड, जुनं फर्निचर जाळायला लागले, रात्री अथेन्सवर धूर साचायचा. जानेवारीत येणार आणि मुलगी लहान, तेव्हा घर बघताना भिंतीवर रेडिएटर आहे का एवढंच बघून थांबू नका. गेल्या हिवाळ्यात इमारतीने तेल भरलं होतं का, आणि यंदा सगळे वर्गणी देणार आहेत का, हे मालकाला नव्हे, शेजारच्या दारात विचारा.