शुक्रवारी फातोर्ड्याला येतेस तर

पोरी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं म्हणून आज ऑफिसातनं आल्यावर निवांत बसून लिहितोय. तू विचारलंस, "काका, मोहन बागान टेबलात एक नंबरला आहे, आपण जिंकू का?" आता बघ, मला त्या प्रश्नात सगळ्यात आवडलं ते "आपण". गोव्यात फर्मागुढीला कॉलेजला येऊन तुला जेमतेम चार महिने झाले, ऑगस्टमधे तुझ्या बाबांबरोबर तुला हॉस्टेलवर सोडायला आलो तेव्हा तू म्हणालेलीस की मला काय फक्त आपल्या कोल्हापूरची पाटाकडील तालीम माहिती, बाकी फुटबॉल नाही. आणि आता एफसी गोवा म्हणजे आपण! लई बरं वाटलं वाचून.

आयएसएलमधली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली, शुक्रवारची कोलकात्याच्या मोहन बागानविरुद्धची मॅच आपण जिंकू का ते मला सांगता येणार नाही. पण शुक्रवारी काय घेऊन यायचं आणि काय घरी ठेवून यायचं ते सांगू शकतो, कारण मडगावात फातोर्ड्याच्या या स्टेडियममधे मी वीस वर्षं बसतोय आणि इथं मी जितका आनंदाने ओरडलोय ना तितकाच रडलोय पण.

पहिली गोष्ट म्हणजे होम मॅच ही भानगड आपल्या कोल्हापूरच्या माणसाला कळायला वेळ लागतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल सगळ्यांचं मैदान तेच, सगळे घरचेच, अर्धं स्टेडियम एका तालमीचं अर्धं दुसऱ्या तालमीचं, आणि पोरगा ज्या पेठेत जन्मला तो झेंडा त्याच्या हातात येतो, निवडायचा प्रश्नच नाही. तू बाबांच्या खांद्यावर बसून तिथं जायचीस तेव्हा समोरच्या बाजूने पण तेवढाच आवाज यायचा. फातोर्ड्याला तसं नाही. इथं समोरची टीम विमानाने येते, त्यांची माणसं एखाद्या कोपऱ्यात असतात, बाकी सगळं स्टेडियम तुझं. म्हणजे आवाज आला तर तो तुझा आणि शांतता पसरली तर ती पण तुझीच. हे मी फार उशिरा शिकलो म्हणून तुला आधीच सांगतोय.

शुक्रवारी तारीख कुठली आहे बघितलीस? २० डिसेंबर २०२४. २०१५ ला हीच तारीख होती, हेच स्टेडियम, आयएसएलची फायनल, चेन्नईयिनविरुद्ध. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची असशील. १-१ असताना चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली आणि आपल्या गोलकीपर कट्टीमनीने अडवली. मग ८७ व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेने फ्री किकवर गोल मारला, २-१. मी समोरच्या रांगेतल्या एका अनोळखी म्हाताऱ्या बाबांना मिठी मारली, त्यांचा चष्मा खाली पडला, आम्ही दोघं वाकून तो शोधत होतो आणि हसत होतो. गंमत म्हणजे चष्मा सापडला, त्यांनी तो शर्टाला पुसला, डोळ्यावर लावला, आणि बॉल आपल्याच नेटमधे. ९० व्या मिनिटाला गोलकीपरच्या हाताला लागून ओन गोल, आणि त्यानंतर दोन मिनिटांत त्यांच्या मेंडोझाचा तिसरा. ३-२. संपलं.

त्या वेळी मी कट्टीमनीला ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. अर्ध्या तासापूर्वी त्यानेच पेनल्टी अडवून आपल्याला मॅचमधे ठेवलं होतं आणि मी त्याला तसलं बोललो. त्या बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं फक्त, बोलले काही नाहीत. नऊ वर्षं झाली तरी ती नजर मला आठवते. म्हणून पहिलं सांगणं हे की आपल्या पोरांना शिवी नाही. कोणी कितीही चुकला तरी नाही. शेजारचा देत असेल तर त्याच्याशी भांडत बसू नकोस, त्याच्यापेक्षा मोठ्याने टीमचं नाव घे, बहुतेक वेळा तो पण त्यातच सामील होतो, अनुभवाचं सांगतोय.

दुसरं याच वर्षीचं आहे, २४ एप्रिल, सेमीफायनलच्या दोन मॅचपैकी पहिली, मुंबई सिटीविरुद्ध. बोरिसचा एक, ब्रँडनचा एक, २-० आपण पुढे. ऐंशी मिनिटं झाल्यावर लोक उठायला लागले, कारण मॅच सुटल्यावर बाहेर गाड्यांची काय गर्दी होते ते तू बघशीलच. मी पण उठलो. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, २-० आहे, आता काय होतंय, असं म्हणत जिना उतरत होतो. तर जिन्यावर असताना, कसं सांगू, आवाज आला नाही, आवाज गेला. एकदम. एवढं मोठं स्टेडियम श्वास रोखून गप्प. मुंबईच्या छांगतेने ९० व्या मिनिटाला मारला होता. मी वर पळेपर्यंत विक्रम प्रतापचा दुसरा झालेला, २-२, आणि मग पुढची काही मिनिटं आम्ही सगळे नुसते बघत उभे. कोणाच्या तोंडातून एक शब्द नाही. शेवटी परत छांगते, ३-२.

आता लोक उठले म्हणून गोल झाले असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खुळेपणाचं होईल, गोल मैदानात होतात. पण त्या काही मिनिटांत आपली पोरं पाय जड झाल्यासारखी खेळत होती, त्यांना कोणीतरी हाक मारायला हवी होती आणि हाक मारणारे आम्हीच होतो, आणि आम्ही गप्प होतो. होम मॅचचा फायदा म्हणतात तो काय असतो? गवत काय फक्त आपल्यालाच मऊ लागत नाही. लोकांमुळेच असतो तो. २०२१ च्या एप्रिलमधे याच मैदानावर आपण एशियन चॅम्पियन्स लीग खेळलो, भारतातला पहिला क्लब ग्रुप स्टेजला गेलेला, अल रय्यानला ०-० वर रोखलं, पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोल मारला, एवढी मोठी गोष्ट आणि कोविडमुळे आत एक माणूस नाही. मी इथं मडगावात, स्टेडियमपासून दोन किलोमीटरवर, घरी टीव्ही बघत होतो आणि टीव्हीवर खेळाडूंच्या एकमेकांना मारलेल्या हाका स्पष्ट ऐकू येत होत्या. मैदान आपलं, पण ती होम मॅच वाटलीच नाही बघ मला.

म्हणून तुझी आशा कशी असावी ते सांगतो. स्कोअरवर लावू नकोस. २-० होईल, ३-१ होईल, असं मनात ठरवून आलीस की पहिला गोल त्यांचा झाला की तू कोसळणार, आणि तू एकटी नाही, तुझ्यासारखे हजारो एकाच वेळी कोसळणार आणि तेच समोरच्या टीमला हवं असतं. त्यापेक्षा असं ठरवून ये की शेवटची दहा मिनिटं माझी आहेत, स्कोअर काहीही असला तरी. घसा तेव्हासाठी राखून ठेव. पहिल्या वीस मिनिटांत सगळे ओरडतात, त्यात काही विशेष नाही. पंचाहत्तराव्या मिनिटानंतर ज्याचा आवाज टिकतो तो खरा फॅन, असं मी मानतो.

आणि मोहन बागानविरुद्ध तर हे दुप्पट लागू आहे. गेल्या शनिवारी बघितलंस ना, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध ८५ मिनिटांपर्यंत मागे होते आणि नव्वद मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममधे अल्बर्टोने मारून ३-२ ने जिंकले. तो डिफेंडर आहे बरं. कॉर्नर आणि फ्री किकला त्यांचे अल्बर्टो, आल्ड्रेड, सुभाशिष असे सगळे उंच लोक वर येतात, तेव्हा लक्ष ठेव, आणि त्यांना कॉर्नर मिळाला की गप्प बसायचं नाही, शिट्टी, टाळ्या, जे जमेल ते. आणि त्याच दिवशी आपण काय केलं? बेंगळुरूत २-० ने पुढे असून २-२. म्हणजे एक टीम शेवटी मिळवते आणि एक टीम शेवटी घालवते, आणि आता शुक्रवारी दोघं समोरासमोर. भीती वाटते ती याचीच. टेबलाची नाही.

टेबलाचं म्हणशील तर, २ नोव्हेंबरला बेंगळुरू पण एक नंबरलाच होती. एकही मॅच हरलेली नव्हती. फातोर्ड्यात आली आणि ३-० खाऊन गेली. तू परीक्षेमुळे आली नव्हतीस त्या मॅचला, नंतर किती हळहळलीस. गेल्या वर्षी डिसेंबरात आपण मोहन बागानला त्यांच्या सॉल्ट लेक स्टेडियममधे ४-१ हरवलं आणि फेब्रुवारीत त्यांनी इथं येऊन आपल्याला १-० हरवलं, पेट्राटोसचा गोल, तोपर्यंत त्या सीझनच्या लीगमधे आपण एकही हरलो नव्हतो. तर असं आहे. टेबल बघून यायचं नाही, आणि टेबल विसरून पण यायचं नाही, कारण मोठ्या टीमला हरवण्यात जी मजा आहे ती ती टीम मोठी आहे म्हणूनच आहे ना. १८८९ चा क्लब आहे तो. १९११ मधे एक सोडून सगळे अनवाणी खेळून गोऱ्या सैनिकांच्या टीमला हरवून आयएफए शील्ड ही मोठी स्पर्धा जिंकलेला. मी डेम्पो आणि चर्चिल या इथल्या जुन्या क्लबांच्या काळापासून त्यांना इथं बघतोय आणि कोलकात्याहून त्यांची टीम आली की गोव्यातल्या जुन्या माणसांच्या अंगात वेगळंच काहीतरी येतं.

म्हणून त्यांच्या फॅन्सशी नीट वागायचं. मरून आणि हिरवा स्कार्फ घातलेली माणसं दिसतील, बरीचशी इथं गोव्यातच नोकरी करणारी बंगाली पोरं असतात, घरापासून लांब, तुझ्यासारखीच. त्यांच्यासाठी ही वर्षातली एक संध्याकाळ असते. नव्वद मिनिटं त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरड आणि बाहेर आल्यावर हात मिळव. आपल्याकडे पेठापेठांत कधीकधी मॅचचं भांडण रस्त्यावर आलेलं तू लहानपणी बघितलंयस, मला ते कधीच आवडलं नाही, इथं तरी त्यात पडू नकोस. आणि आपल्या टीममधे मॅकह्यू, झिंगन, सादिकू हे सगळे आधी तिकडेच खेळलेत, तर तिकडचा माणूस म्हणजे काही शत्रू नव्हे.

मॅच चालू असताना मोबाईल खिशात ठेव. रील नंतर कर. एकदा तरी फक्त बॉलकडे न बघता एका खेळाडूकडे दहा मिनिटं बघ, मी म्हणेन आपल्या ब्रायसनकडे, बॉल नसताना तो कुठं पळतो ते. टीव्हीवर ते दिसतच नाही, स्टेडियममधे यायचं ते त्यासाठी. तू स्वतः शाळेत विंगला खेळायचीस, तुला त्यातून माझ्यापेक्षा जास्त कळेल.

हरलो तर? तर रडू आलं तर रड, लाज वाटून घेऊ नकोस, मी २०१९ ला मुंबईत झालेल्या फायनलला ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेचा हेडर आत गेला तेव्हा पन्नाशीच्या उंबऱ्यावर असून रडलोय. पण पोरं मैदानाला फेरी मारून टाळ्या वाजवत आपल्या स्टँडपाशी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. हरल्यावर ती येतात ना, तेव्हा वर बघतात. किती जण थांबलेत ते बघतात. मी एप्रिलमधे बघितलंय, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत टाळ्या वाजवत होती.

बाकी व्यवहाराचं. मॅच साडेसातला आहे पण फोंड्याहून चारच्या पुढची बस धरू नकोस, नाताळाची गर्दी आहे, बोरीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला तर अर्धा तास तिथंच जाईल. मडगावच्या कदंबा स्टँडवर उतर, तिथून स्टेडियम चालत जाण्याइतकं आहे. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आधीच पिऊन घे. केशरी जर्सी नसली तर विकत घेऊ नकोस, माझ्या मुलाची जुनी आहे, ती धुवून ठेवलीय, जरा ढगळ होईल. तिकीट मी काढलंय, ईस्ट स्टँडचं, पैशाचा विषय काढायचा नाही.

परतीला बसवर विसंबू नकोस, रात्री मीच गाडीने हॉस्टेलच्या गेटपर्यंत सोडणार, बाबांना तसा फोन केलाय, ते म्हणाले मॅच संपल्यावर स्कोअर नको सांगूस, पोरगी किती ओरडली ते सांग. वॉर्डनची परवानगी तेवढी आजच लिहून घे.

सहा वाजता रोस ऑम्लेटच्या गाड्यापाशी उभा असेन. आधी खाऊ, मग आत जाऊ.

तुझा
काका