नवीन सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये राउंड चेंबरला नीट बसत नाही, ऑइल नक्की कुठे लावायचं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं, एआर-१५ धाटणीची नवी कोरी रायफल, पॉइंट २२३ काडतुसाची, बॉक्समधून काढून तशीच रेंजवर नेली, हँडल ओढून पुढे नेलं की राउंड, म्हणजे काडतूस, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसायच्या जागेत) जवळजवळ पूर्ण आत जातो पण बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) शेवटचे दोन-चार मिलिमीटर बंदच होत नाही, आणि शेजारच्या कोणीतरी सांगितलं की फॉरवर्ड असिस्टवर, म्हणजे बोल्टला पुढे ढकलायच्या बटणावर, दणके मार, बसेल. दणके मारू नका. जो राउंड स्प्रिंगच्या जोराने गेला नाही तो का गेला नाही हे कळायच्या आधी त्याला कोंबला, तर तो तिथेच अडकतो आणि मग जिवंत काडतूस चेंबरमध्ये आणि बोल्ट ना पुढे ना मागे, असा भलताच प्रकार होऊन बसतो. आणि बोल्ट अर्धवट असताना चाप ओढून बघायचा नाही, गंमत म्हणून पण नाही.

सगळ्यात आधी रायफल रिकामी करा. आधी मॅगझिन काढायचं, मग हँडल मागे ओढायचं, हा क्रम उलटा केला तर एक राउंड बाहेर पडतो आणि दुसरा आत जातो. बोल्ट मागे लॉक करून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. राउंड अडकलाय आणि हँडल हाताने ओढून येत नाहीये असं असेल तर दस्ता जमिनीवर आपटून काढायचे व्हिडिओ बघू नका आणि नळीतून गज घालून ठोकू तर अजिबात नका, रेंज ऑफिसरला बोलवा नाहीतर गनस्मिथकडे द्या.

आता मूळ भानगड. नवीन रायफलवर कारखान्यातून जो थर लावून येतो तो गंज लागू नये म्हणून असतो, चालवण्यासाठी नाही. गोदामात पडून पडून तो चिकट होतो, हाताला मेणासारखा लागतो. त्यात नवीन धातू, बोल्ट कॅरिअरवरचं (बोल्ट ज्यात बसतो त्या सरकणाऱ्या भागावरचं) कोटिंग अजून खरखरीत, काहीच घासून बसलेलं नाही. आणि शेवटच्या त्या दोन-चार मिलिमीटरमध्येच बोल्टला सगळ्यात जास्त काम असतं, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या) आकड्याला पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, कडेवरून उडी मारून बसायचं असतं, इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग दाबायची असते आणि कॅम पिनच्या (बोल्टला वळवणाऱ्या खिळीच्या) जोरावर बोल्टला वळून त्याचे दाते बॅरलच्या खाचांत अडकवायचे असतात. एवढं सगळं एकट्या मागच्या स्प्रिंगच्या जोरावर आणि कॅरिअरच्या वेगावर होतं. मध्ये चिकटपणा आला की वेग मरतो आणि बोल्ट नेमका तिथेच थांबतो.

म्हणून तुम्ही 'हँडल हळूच पुढे सोडतो, आपटू नये म्हणून' असं जे लिहिलंय ना, ते आधी बंद करा. हँडल पूर्ण मागे ओढायचं आणि हात काढून घ्यायचा, सोबत पुढे न्यायचा नाही. नवीन लोकांना वाटतं आपण वस्तू जपतोय, पण रायफल त्या आपटण्याच्या हिशोबानेच बनवलेली असते. निम्म्या तक्रारी माझ्या बघण्यात इथेच मिटतात.

तेवढ्याने नाही मिटलं तर सफाई. अप्पर (रायफलचा वरचा भाग, खालचा तो लोअर) उघडा, कॅरिअर बाहेर काढा, मॅन्युअलमध्ये दाखवलंय तसा सुटा करा: फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई), कॅम पिन, बोल्ट. सॉल्व्हंटने तो सगळा कारखान्याचा थर पुसून काढा. बॅरलच्या मागच्या टोकाला जिथे बोल्टचे दाते अडकतात त्या चांदणीसारख्या खाचा असतात, तिथे कानकोरण्याचा कापूस सॉल्व्हंटमध्ये बुडवून एकेक खाच फिरवा, तिथून निघणारा तपकिरी चिकट लगदा बघितला की कळेल मी काय म्हणतोय ते. कधीकधी धातूचा बारीक कीसही निघतो. चेंबरला चेंबरचाच ब्रश वापरा, नळीचा ब्रश तिथे सैल पडतो, आणि शेवटी कोरडं कापड फिरवून चेंबर कोरडं ठणठणीत करा.

ऑइलचं सोपं आहे, धातू धातूवर जिथे घासतो तिथे लावायचं. कॅरिअरच्या खालच्या अंगाला आणि वर गॅस कीच्या (कॅरिअरच्या माथ्यावरच्या नळीच्या) दोन्ही बाजूंना ज्या लांब पट्ट्या अप्परमध्ये सरकतात त्यांच्यावर, कॅम पिनवर आणि ती ज्या खाचेत फिरते तिथे, बोल्टच्या अंगावर गॅस रिंगांच्या आसपास, दात्यांवर अगदी पुसट, आणि चार्जिंग हँडलच्या खालच्या बाजूला बोट फिरवण्यापुरतं. जागेला एखादा थेंब, बोटाने पसरवायचा, ओलसर चमक दिसली पाहिजे, ओघळ नको. काही शे राउंड झाले की कॅरिअर काढून बघा, कोटिंग जिथे घासून चमकायला लागलंय तीच खरी ऑइलची जागा, प्रत्येक रायफलची थोडी वेगळी असते. नवीन असताना जरा सढळ हाताने लावलेलं चालतं, नंतर कमी करा.

कुठे नाही लावायचं ते जास्त महत्त्वाचं. चेंबरमध्ये नाही. गोळी झाडली की पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना धरते आणि थोडा भार भिंती घेतात, तिथे तेल असलं की पुंगळी घसरते आणि तो सगळा भार बोल्टवर येतो. फायरिंग पिन कोरडी ठेवा. मॅगझिन आतून कोरडं. आणि काडतुसांना तेल अजिबात नको, प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत) मुरलं तर राउंड फुसका निघू शकतो.

कुठलं ऑइल यावर लोक रात्रभर भांडतात, मला त्यात रस नाही. बंदुकीसाठीचं कुठलंही धड ऑइल चालेल. फक्त डब्ल्यूडी-४० वर भागवू नका, ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, त्याचा पातळ भाग उडून जातो आणि मागे टिकाऊ वंगण असं फारसं उरत नाही. कडाक्याच्या थंडीत जाड ग्रीस पण नको, कॅरिअर सुस्तावतो.

जोडताना बोल्ट कॅरिअरमधून पुढे पूर्ण बाहेर ओढलेला हवा, नाहीतर तो अप्परमध्ये जातच नाही. मग लोअर न जोडता अप्पर पुढे-मागे तिरका करून बघा. कॅरिअर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, फक्त टोकाला जिथे बोल्ट वळतो तिथे अंगठ्याने थोडं ढकलावं लागेल. रिकामं असतानाच तिथे अडकतंय म्हणजे दोष काडतुसाचा नाही, रायफलचाच आहे. रिकामं असताना मख्खनसारखं बंद होतंय आणि राउंड घातला की अर्धवट राहतंय, तर मग काडतूस आणि चेंबर बघायचं.

काडतुसांत आधी दुसऱ्या कंपनीचा फॅक्टरी राउंड घालून बघा, रेंजवरच अर्थात, घरात नाही. रीलोड केलेली (वापरलेल्या पुंगळीत पुन्हा भरलेली) असतील तर संशय तिथेच, पुंगळीचा खांदा पुरेसा मागे बसवलेला नसला किंवा पुंगळीची लांबी ४४.७० मिलिमीटरच्या पुढे गेली की हे होऊ शकतं. बॅरलवर काय कोरलंय तेही वाचा. ५.५६ नाटोचा राउंड बाहेरून २२३ सारखाच दिसतो आणि बहुतेक वेळा बसतोही, पण २२३ च्या चेंबरमध्ये तो झाडला की दाब जास्त होऊ शकतो, त्यामुळे बसला म्हणजे चालला असं समजू नका. आणि एकच राउंड पुन्हापुन्हा चेंबर करत राहू नका, गोळी पुंगळीत मागे ढकलली जाते. बाहेर काढलेल्या राउंडच्या प्रायमरवर टोचल्यासारखी बारीक खूण दिसेल, ती या डिझाइनमध्ये नॉर्मल आहे, फायरिंग पिन मोकळी असते म्हणून.

मॅगझिनचं एका वाक्यात सांगतो, राउंड रॅम्पवरच (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) नाक अडकवून थांबत असेल किंवा बोल्ट त्याला उचलतच नसेल तर दुसरं मॅगझिन लावून बघा, आणि ३० च्या मॅगझिनमध्ये २८ भरा, बंद बोल्टखाली ठासून भरलेलं मॅगझिन नीट लॉक होत नाही, लावल्यावर खाली ओढून खात्री करा. पण तुमची लक्षणं त्यातली वाटत नाहीत.

फॉरवर्ड असिस्टबद्दल थोडं, कारण तुम्ही विचारलंय की मग ते बटण दिलंय कशाला. ही रायफल डिझाइन करणाऱ्या युजीन स्टोनरलाच ते नको होतं, अमेरिकन एअर फोर्सलाही त्याची गरज वाटली नव्हती, आर्मीने हट्ट धरला म्हणून एम१६ए१ वर, म्हणजे तिच्या लष्करी आवृत्तीवर, आलं. लढाईत एखाद्याला ते लागत असेल, रेंजवर तुम्हाला कसली घाई आहे, राउंड काढा आणि बघा.

एवढं सगळं करूनही फॅक्टरी राउंडवर बोल्ट अर्धवट राहत असेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस गेज (बोल्ट आणि चेंबरमधली जागा तपासायचं माप) लावून घ्या. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर व्हायला नको. गो वरच बंद होत नसेल तर चेंबर आखूड कापलं गेलंय किंवा त्यात काही अडकलंय, आणि नवीन रायफल आहे म्हणजे वॉरंटीत परत पाठवायची. तोपर्यंत चेंबरला किंवा रॅम्पला पॉलिश पेपर लावू नका, एकदा घासलं की कंपनी हात वर करते.

पुढच्या वेळी राउंड अर्धवट राहिला तर तो काढून त्याच्यावर कुठे ओरखडा आलाय ते बघा, खांद्यावर, मानेवर की बुडाशी, आणि फोटो टाका, त्यावरून बरंच सांगता येईल.