‘फोन नाही उचलला’ ते ‘मी ओझं झालो’

मोठ्या भावाला तीव्र नैराश्य आहे, गोळ्या सुरू आहेत, समुपदेशक आता ‘मेंटलायझेशन’वर काम करू म्हणतात, बोलून नेमकं काय होणार, असं तुम्ही विचारलंय.

शब्द बोजड, गोष्ट रोजची. माणूस असा का वागला याचा अंदाज बांधता येणं, आणि तो अंदाजच आहे हे ध्यानात राहणं. नैराश्यात हा दुसरा भाग आधी जातो. "साळ्यानं फोन नाही उचलला, मी ओझं झालो त्याले." असं म्हणणाऱ्यांना वाटलं तेच खरं. "असं काही नाही भाऊ" म्हटलं की त्यांना एवढंच कळतं, की यालाही समजलं नाही.

जाणता थेरपिस्ट वाद घालत नाही, मागे नेतो. "थांबा. फोन उचलला नाही, तेव्हा तुम्ही कुठं होते? अंगात काय झालं? ‘ओझं’ हे मनात कव्हा आलं?" आधी धडधड, मग लाज, मग तो शब्द, असा क्रम हाती लागला की साळ्याकडे वळायचं: फवारणीत असेल, की खरंच टाळत असेल? एकच गोड शक्यता पुढे केली, तर ते पुन्हा समजूत घालणंच.

बिघडतं ते घाईनं. रात्र-रात्र झोप नसलेल्याला दुसऱ्याच्या मनाबद्दल विचारलं, तर "माहीत नाही" येतं, आणि ‘मला हेही जमत नाही’ ही भर पडते. म्हणून आधी झोप, जेवण, गोळ्या, प्रश्न छोटे. लांब शांतताही नको, ती ‘हाही कंटाळला’ अशी वाचली जाते. आपण गप्प का होतो ते थेरपिस्टनं सांगून टाकावं. उलट नापिकी, भाव, नशीब यांवर कोरड्या चेहऱ्यानं तासभर बोलणं चाललं असेल, तर थांबवून आजच्या एका प्रसंगावर आणावं. (बँकेची नोटीस मात्र गैरसमज नव्हे. तिचा हिशेब वेगळा बसून करा.)

लंडनच्या बेटमन आणि फोनागी या तज्ज्ञांनी ही पद्धत बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी (भावना नि नाती सतत टोकाला जातात, असा आजार) बांधली. त्यांचा १८ महिन्यांचा, वैयक्तिक आणि गटाच्या बैठकांचा साचा नैराश्याला जसाच्या तसा लावायचा नसतो. आपल्याकडे पेरणीत नि कापूस वेचणीत एसटीनं दर आठवड्याला जाणं तुटतंच. त्या आठवड्यांत फोनवर बोलायचं आधीच ठरवून घ्या.

गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. मरणाचा विचार येतो का, हे भावाला सरळ विचारा; विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीची औषधं घरात ठेवू नका, दुसऱ्याकडे कुलपात ठेवा. रात्रीबेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो, मराठीत बोलता येतं.